खर्ज्या कुठे वाजतो

माणसाने आयुष्यभर एखादं काम जीव ओतून करावं आणि ते कुणाच्या लक्षातही येऊ नये, यात तसं नवल काही नाही. निम्मं जग असंच जगतं आणि त्याबद्दल कुणी बोंब मारत नाही. पण खर्ज्याचं काम होतं वाद्य वाजवण्याचं, तेही खिडक्यांच्या काचा थरथरतील एवढ्या मोठ्या आवाजात, आणि तरीसुद्धा ते कुणाला ऐकू येत नव्हतं. एवढं मात्र सगळ्यांच्या नशिबात नसतं.

खर्ज्या हे त्याला बँडमधल्या मित्रांनी दिलेलं नाव. आवाज मुळातच खोल, खर्जातला, त्यात बोलणं बेताचं. फोन उचलून तो "हं" म्हणाला की पलीकडच्याला वाटायचं, कुणाच्या तरी घरचा फ्रिज सुरू झाला. दिवसा तो एका मोठ्या लाँड्रीत कामाला होता. शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या वेळचे हिरवे डगले तिथे धुवायला यायचे. खर्ज्या शेवटच्या टप्प्यावर, इस्त्रीच्या रोलरपाशी. ओलसर चादरीचे दोन कोपरे धरून ती तापलेल्या रोलरच्या तोंडी द्यायची, की पलीकडून कडक, सपाट होऊन बाहेर. चुरगळलेली वस्तू सरळ होताना बघायला मिळते आणि वर पगारही मिळतो, असं तो म्हणायचा, आणि थट्टेने म्हणायचा नाही.

कारण खर्ज्याला आभार मानायची खोडच होती. अल्बमच्या आतल्या पानावर आभाराचा मजकूर छापायची मेटलवाल्यांची, म्हणजे कर्कश गिटारींचं संगीत वाजवणाऱ्यांची, जुनी रीत आहे. तो लिहायचं काम कायम त्याच्याकडे. बाकीचे तिघे 'आईवडील आणि मित्र' एवढ्यावर मोकळे व्हायचे. खर्ज्या मात्र तालमीच्या खोलीशेजारी राहून एकदाही तक्रार न केलेल्या म्हातारबाबांचे आभार मानायचा, हातगाडीवरून ड्रम वाहून नेणाऱ्याचे मानायचा, कार्यक्रमात दिवे गेले तेव्हा बॅटरी धरून उभ्या राहिलेल्या अनोळखी मुलीचेही मानायचा.

"अरे, आपण जगाला शिव्या घालणारं संगीत वाजवतो," गायक वैतागायचा, "आणि तुझी ही लग्नपत्रिका!"

बँड चौघांचा, थ्रॅश मेटलचा. हा प्रकार ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी एवढंच समजावं, की दोन गिटारी करवतीसारख्या चालतात, ड्रमर मागे कुत्रं लागल्यासारखा पळतो, गायक साऱ्या दुनियेवर चिडलेला असतो, आणि हे सगळं एकाच वेळी होतं. गायकाच्या गळ्यात एक गिटार, दुसरी त्याच्या मेहुण्याच्या. ड्रमर शाळेत चित्रकला शिकवायचा. आणि कोपऱ्यात, ड्रमरच्या झांजांना कान लावून, चार जाड तारांचं बेस गिटार घेऊन खर्ज्या. बेसचं काम जमिनीचं असतं. बाकीचे नाचतात, ती खाली असते.

हे बेस त्याच्या हातात आलं ते ताईमुळे. वडील आधी गेले, मग आई. ताईनेच त्याला वाढवलं. ती त्याच लाँड्रीत ड्रायरपाशी काम करायची. धाकट्याने गिटारसाठी हट्ट धरला तेव्हा ती एकटीच जुन्या सामानाच्या दुकानात गेली, दोन वाद्यं बघितली आणि त्यातलं एक उचलून आणलं.

"एकाला सहा तारा होत्या, एकाला चार," ती म्हणाली. "म्हटलं चारवालं घ्यावं. लवकर शिकशील."

ते गिटार नव्हे, बेस आहे, हे खर्ज्याला दिसताक्षणी कळलं. पण ताई इतकी खुशीत होती, आणि वाद्य एका हाताने वाहून आणताना तिचा तळवा इतका लाल झाला होता, की तो "हेच हवं होतं" म्हणाला. महिन्याभरात ते खरंही झालं. त्याने लग्न केलं नाही, तिनेही नाही. लाँड्रीच्या मागच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत भाऊ-बहीण राहायची आणि दोघांचं बरं चालायचं.

अल्बम निघाला की ताई तो घ्यायची. फुकटची प्रत तिला चालायची नाही. मग दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, तो लावायचा, आणि ती पहिल्याच गाण्याला विचारायची, "यात तू कुठे आहेस?"

"आता ऐक... हे बघ, खाली. गिटारच्या मागे."

ती मान वाकडी करून, डोळे बारीक करून शोधायची. गर्दीत आपलं माणूस शोधावं तशी. शेवटी म्हणायची, "हं, हं, छान." तिला काहीही सापडलेलं नाही हे त्याला कळायचं, आणि त्याला कळलंय हे तिला. बेस कुणालाच सापडत नव्हतं, ती तरी काय करणार? गायकाला गिटारी भिंतीसारख्या जाड लागायच्या. त्यांचा जुना रेकॉर्डिस्ट त्याच्याच मताचा. ती भिंत उभी राहिली की खर्ज्या तिच्याखाली पुरला जायचा. पाच अल्बम झाले, पाचही वेळा तेच. ताईचा प्रश्न मात्र काही थांबला नाही.

मधल्या काळात ताईचे कान गेले. पूर्ण नव्हे, ड्रायरच्या घरघरीत इतकी वर्षं उभं राहिल्यावर जे होतं ते झालं. वरचे बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाले. दाराची बेल गेली, किटलीची शिट्टी गेली, बायकांची बोलणी अर्धी गेली. लाँड्रीने तिला ड्रायरपासून हलवून फाटक्या चादरी शिवायच्या टेबलावर बसवलं. ताई म्हणायची, "बरंच झालं, बसून काम मिळालं." कृतज्ञता घरातच होती.

आता त्या गाण्याबद्दल सांगायला हवं. गाण्याचं नाव 'गंज'. बँडचं पहिलं गाजलेलं गाणं, आणि नंतर बराच काळ शेवटचंही. लहान-लहान हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं यायची, पण 'गंज'चा कोरस, म्हणजे ध्रुपद, आला की तीच माणसं दोन हजारांसारखी ओरडायची. त्यांच्यात सगळ्यात पुढे बसवाला. हा खरोखरच शहर वाहतुकीची बस चालवायचा. सुरुवातीच्या काळात सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी जुनी मिनीबस मागून आणून बँडला गावोगावी न्यायचा. त्याच्या बाही नसलेल्या जाकिटावर पाठभर मोठा, बँडच्या नावाचा कापडी बिल्ला शिवलेला. आणि त्याची उभं राहायची जागा ठरलेली: स्टेजच्या डाव्या टोकाला, बेसच्या कपाटाएवढ्या स्पीकरच्या अगदी समोर. तिथे का, असं विचारलं तर म्हणायचा, "इथे बरं वाटतं." याहून जास्त त्याने विचार केला नव्हता.

पन्नाशी जवळ आली तेव्हा बँडने आणखी एक अल्बम करायचं ठरवलं. जुना रेकॉर्डिस्ट निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला होता. परवडेल असा एकच स्टुडिओ उरला, आणि तिथल्या बाईंनी जन्मभर जाहिरातींची आणि बालगीतांची रेकॉर्डिंग केली होती. गायकाने कपाळाला हात लावला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी चौघांना एकत्र वाजवायला लावलं, ऐकलं, आणि हेडफोन काढला.

"बेस कुठे आहे?"

"आहे ना," गायक म्हणाला.

"कुठे?"

"खाली असतो तो. ऐकू येत नाही, जाणवतो."

"मला ऐकायचाय," बाई म्हणाल्या. "जाणवायचा नंतर बघू."

त्यांनी एकेकाला वेगळं बसवून वाजवायला लावलं. ड्रमरचा पाय मध्येच घाई करतो हे दाखवलं, मेहुण्याच्या गिटारीतली खरखर काढली, गायकाला एकच ओळ इतक्यांदा म्हणायला लावली की तो खरोखरच दुनियेवर चिडला. 'गंज'चं जुनं रेकॉर्डिंग खराब झालं होतं, म्हणून ते नव्याने करायचं होतं. खर्ज्याने आपला भाग वाजवला. मग बाईंनी बाकीचं सगळं बंद करून नुसतं बेस मोठ्या स्पीकरवर लावलं. खर्ज्याने स्वतःला एवढं स्वच्छ आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो हरखून ऐकत होता. कोरस आला आणि गायक ताडकन उठला.

"हे काय वाजवतोयस?"

"गंज."

"कोरस असा नाहीये!"

"मी असाच वाजवतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," खर्ज्या म्हणाला.

उलगडा ड्रमरने केला. गाणं बसवलं त्या दिवशी गायकाच्या गिटारची सगळ्यात जाड तार तुटली होती. नवी आणायला कुणी गेलं नाही. गायकाने कोरस पुढच्या तारेवर सरकवून वाजवून दाखवला. झांजांच्या गोंगाटात खर्ज्याला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याने नेहमीसारखं डोळ्यांनीच शिकून घेतलं: गायकाचं बोट वरून पहिल्या तारेवर, दांडीवरच्या अमुक घरात. वरून पहिली म्हणजे जाड तार, असं धरून चालला. पण जाड तार तुटलेली असल्यामुळे ती होती दुसरी. सगळा हिशेब एका तारेने चुकला आणि गिटारी ज्या सुरावर ठाण मांडून बसतात त्याच्याऐवजी खर्ज्या भलत्याच सुरावर जाऊन उभा राहिला. तो सूर गिटारींशी भांडणारा नव्हता, म्हणून कुणाच्या कानाला खुपला नाही. आणि मुळात ऐकू आलाच होता कुणाला?

गायक सगळ्यांकडे वळला. "म्हणजे इतकी वर्षं आपण आपलं सगळ्यात मोठं गाणं चुकीचं वाजवतोय?"

"तू बरोबर वाजवलंस," खर्ज्या म्हणाला. "मी चुकलो. मला माफ कर."

मेहुणा हसायला लागला, ड्रमर तर ड्रमवर डोकं ठेवून हसत होता. बाईंना हसू आलं नव्हतं. त्यांनी खर्ज्याकडून कोरस 'बरोबर' वाजवून घेतला आणि दोन्ही प्रकार एकामागोमाग एक ऐकवले.

"बरोबर वाजवलं की गाणं खुर्चीत बसतं," त्या म्हणाल्या. "चुकीचं वाजवलं की उभं राहतं. शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं पोटात होतं. तुमचे लोक याच जागी ओरडतात ना? मग ठेवा तेच."

गायक धुसफुसला, पण बाईंपुढे कुणाचं चालत नव्हतं. त्यांनी चुकीचा सूर ठेवला, वर उचलून अगदी दर्शनी भागात आणून ठेवला. आभाराच्या पानावर खर्ज्याने बाईंच्या नावाखाली एक ओळ वाढवली: 'त्या दिवशी तुटलेल्या तारेचेही आभार.'

अल्बम निघाला आणि जे झालं त्याची चौघांपैकी एकालाही कल्पना नव्हती. तो चालला. नुसता चालला नाही, धावला. व्यायामशाळांत वाजू लागला, केस कापायच्या दुकानांत वाजू लागला, ज्यांनी मेटलच्या नावाने कायम नाक मुरडलं ती कॉलेजातली पोरं 'गंज'चा कोरस गुणगुणू लागली. गुडघे दुखायच्या वयात चौघांना मोठ्या हॉलची बोलावणी आली. ड्रमरच्या शाळेतल्या मुलांनी फळ्यावर त्याचं चित्र काढलं, आणि ते बरं नव्हतं म्हणून त्याने दुरुस्त केलं.

आणि जुने लोक बिथरले. ज्यांनी दीड-दोनशेच्या हॉलमध्ये घाम गाळला होता त्यांना हा चकचकीतपणा सोसेना. बँड विकला गेला, म्हणाले. गाण्यांचे दात पाडलेत, म्हणाले. सगळ्यात जास्त फिरलेलं वाक्य होतं, 'हा इस्त्री केलेला मेटल आहे.' खर्ज्याला त्याचा राग येईना. ज्यांना इस्त्री सोपी वाटते त्यांनी एकदा रोलरपाशी उभं राहून बघावं, एवढंच त्याला वाटलं.

ज्या दिवशी अल्बम घरी आला, त्या दिवशी दोघं नेहमीसारखी टेबलाशी बसली. ताईचे दोन्ही हात टेबलावर. गाणं सुरू झालं, ती नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडणार, आणि तशीच थांबली. तिने हाताने त्याला गप्प राहायची खूण केली. तो एक शब्द बोलला नव्हता तरी. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"हा तू आहेस," ती म्हणाली.

"कशावरून?"

"जिना चढताना असाच येतोस." मग तिने डोळे मिटले. "बाकी मला काहीच ऐकू येत नाहीये रे. गिटार नाही, गाणं नाही. नुसता तू आहेस."

बारीक आवाज गेले होते आणि खालचे राहिले होते. इतकं साधं कारण होतं. खर्ज्याला ते कळत होतं आणि तरी त्याला रडू आवरलं नाही. पन्नाशीचा, हाताला इस्त्रीचे चटके बसून घट्टे पडलेला माणूस टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. ताईने त्याच्या डोक्यावर एक हात ठेवला, दुसऱ्याने गाणं परत सुरुवातीपासून लावलं. त्या आठवड्यात तिने ते इतक्यांदा लावलं की शेजारीण विचारायला आली, घरात काही दुरुस्ती काढली आहे का.

हे सुख महिनाभर टिकलं. मग एका संध्याकाळी गायक घरी आला. चहा समोर निवत गेला, तो प्यायला नाही. त्याने खिशातून एक कापड काढून टेबलावर ठेवलं. बँडच्या नावाचा बिल्ला. कडेला उसवलेल्या दोऱ्यांची टोकं.

"बसवाल्याचा," तो म्हणाला. "अल्बमच्या प्रतीत घालून माझ्या दाराशी ठेवून गेला. बेलही वाजवली नाही."

मेटलच्या जाकिटावरून बिल्ला उसवणं म्हणजे काय, हे त्या जगात कुणाला सांगावं लागत नाही. नात्यातल्या माणसाने मयताला न येण्यासारखं आहे ते.

"इतकी वर्षं त्याने आपल्याला वाहिलं, खर्ज्या. आपल्याकडे काही नव्हतं तेव्हा तो होता. सगळ्यांना सांगत सुटलाय, कोरसची वाट लावली म्हणून." गायकाने कप बाजूला सारला. "पुढच्या शनिवारी आपल्याच शहरात कार्यक्रम आहे. तो येणार. शिव्या द्यायला का होईना, येणारच. त्याला खरं गाणं ऐकवू. कोरस बरोबर वाजव, जसा मी बांधला होता तसा. आणि मी ठरवलंय, अल्बमची दुसरी आवृत्ती काढायची. जुन्या पद्धतीने. गिटारी पुढे. जुन्या लोकांसाठी."

याचा अर्थ काय, ते खर्ज्याला कळलं. परत भिंतीखाली. पण या माणसाने चार तारा घेऊन आलेल्या मुक्या पोराला बँडमध्ये घेतलं होतं आणि त्यानंतर कधीही बाहेर काढलं नव्हतं. त्याला नाही कसं म्हणायचं?

"हं," खर्ज्या म्हणाला.

गायक गेल्यावर ताईने ओठांवरून अर्धंमुर्धं कळलेलं सगळं नीट विचारून घेतलं. खर्ज्याने सांगितलं. ती बिल्ला उलटापालटा करून उसवणीकडे बघत होती, शिवणारीचीच नजर. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मग परत तुला कुठे शोधू?"

खर्ज्याने गायकाचा निवलेला चहा मोरीत ओतला.

"शनिवारी मी येते," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत ती एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. दिवसभर ड्रायरची घरघर ऐकणाऱ्या बाईने संध्याकाळी आणखी घरघर ऐकायला का जावं?

शनिवारी हॉल गच्च भरला होता. मागे नवी पोरं, पुढच्या दोन-तीन रांगांत जुने लोक, छातीवर हातांची घडी घालून, परीक्षा घ्यायला आल्यासारखे. आणि डाव्या टोकाला, बेसच्या स्पीकरसमोर, बसवाला. जाकीट अंगात होतं. पाठीवर बिल्ल्याच्या जागी न विटलेल्या कापडाचा चौकोन. ताई हातात पर्स धरून वाट काढत पुढे आली, तेव्हा म्हाताऱ्या बाईला धक्के लागतील म्हणून त्याने तिला हात धरून आपल्या शेजारी, कठड्याजवळ उभं केलं. ती कोण, हे त्याला माहीत नव्हतं. खर्ज्याने स्टेजवरून ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

'गंज' सुरू झालं. पोरं उसळली, जुने हलले नाहीत. कोरस आला आणि खर्ज्याने कबूल केल्याप्रमाणे बोट जाड तारेऐवजी तिच्या पुढच्या तारेवर आणलं, गायकाच्या सुरावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर.

गाणं खुर्चीत बसलं.

चूक काहीच नव्हती. पोरं ओरडत होती, पण ओरडणं गळ्यातून येत होतं, पोटातून नाही. बसवाल्याच्या भुवया आक्रसल्या. घडी सोडून त्याने एक हात छातीवर ठेवला, खिशात पाकीट आहे ना हे चाचपावं तसा, आणि मग वाकून स्पीकरकडेच पाहिलं. तो बिघडला की काय?

पण खर्ज्या त्याच्याकडे फार वेळ बघत नव्हता. तो ताईकडे बघत होता. तिने मान वाकडी केली होती, डोळे बारीक केले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाच अल्बम तिने जे केलं होतं तेच ती आता भर गर्दीत करत होती. त्याला शोधत होती. तो समोर, दहा पावलांवर उभा असताना.

दुसरा कोरस आला. खर्ज्याने आयुष्यात कुणाचा शब्द मोडला नव्हता. त्याने बोट परत जाड तारेवर टाकलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आपला चुकीचा सूर वाजवला.

पायरी निसटली. अख्ख्या हॉलच्या पोटात ते झालं. गायक गर्रकन वळला, डोळे वटारून. आणि वळता वळता त्याला पुढची रांग दिसली. बसवाल्याची मूठ छातीवर आपटत होती, डोकं मागे, तोंड उघडं. दीड-दोनशेच्या हॉलमध्ये ज्या जागी तो ओरडायचा, बरोब्बर त्याच जागी. त्याच्या शेजारचे घडीवाले हात एकेक करून सुटत होते. कानांनी जे या लोकांनी कधीच ऐकलं नव्हतं ते छातीला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. ज्याला ते नवं म्हणून शिव्या देत होते, तेच त्यांचं जुनं होतं.

गायक स्टेज ओलांडून खर्ज्यापाशी आला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून, माईक सोडून, नुसताच ओरडला. शेवटच्या कोरसला तर त्याने स्वतःची गिटार थांबवली. ड्रम आणि बेस, एवढंच. आणि ताई बसवाल्याचं जाकीट ओढून स्टेजकडे बोट दाखवत, ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात सांगत होती, "तो! तो माझा भाऊ आहे! तो!"

बसवाला सगळ्यांना सोडायला मिनीबस घेऊनच आला होता, हे कार्यक्रम संपल्यावर कळलं. शिव्या द्यायला आलेला माणूस गाडी घेऊन कशाला येतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. गायकाने त्याला तुटलेल्या तारेची गोष्ट सांगितली. त्याने ती गाडी चालवता चालवता ऐकली, दोनदा "काय सांगतोस" म्हणाला, आणि सिग्नलला थांबल्यावर मागे वळून खर्ज्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मी जिथे उभा राहायचो..."

"हं," खर्ज्या म्हणाला.

"तरीच तिथे बरं वाटायचं." मग तो सावरला. "पण अल्बम इस्त्रीचाच आहे. ते मी म्हणणार."

"म्हण," गायक म्हणाला. दुसऱ्या आवृत्तीचा विषय त्याने काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

ताईने खर्ज्याला कोपराने ढोसलं आणि पर्समधून बिल्ला आणि सुईदोरा काढला. तो बरोबर आणला असणार, हे त्याला माहीत असायला हवं होतं. बसवाल्याने एका हाताने जाकीट उतरवून मागे दिलं. गाडीच्या हिसक्यांत टाका वाकडा जात होता, ताई उसवून पुन्हा घालत होती. खर्ज्याने मोबाइलचा दिवा धरला होता. बाहेर त्यांचेच रस्ते होते, बंद होत आलेली दुकानं, लाँड्रीची उंच चिमणी.

"खूप आभार, ताई," तो म्हणाला. नेहमीच्या खालच्या आवाजात, तिच्याकडे तोंडही न करता. तिला ऐकू आलं.

"कशाचे?" दोरा दातांनी तोडत ताई म्हणाली. "आज शोधावं लागलं नाही, एवढं पुरे."